इथं ओहोटी लागत नाय

११ डिसेंबर २०२४
खालची वाडी, रत्नागिरी

रसिकाताई, जय भीम.

आधीच सांगते, शुद्धलेखन बघू नको. नववीत शाळा सोडली, त्याच्या आधीपण ऱ्हस्व-दीर्घ मला जमत नव्हतं. आणि टाइप एका बोटानं करतेय, कारण दुसऱ्या हाताला कालवांचा वास हाय आणि फोन केतनदादाचा जुना. एवढं लिहायला अर्धी सकाळ गेली. पण मला फोन नको करू. तू फोन केलास की मी नुसती हं हं करते, तू कंटाळून ठेवून देतेस, आणि मग मला सगळं बोलायचं आठवतं. आवाजाचा मेसेजपण नको, आय मोठ्यानं लावून सगळ्या वाडीला ऐकवते. पत्रासारखं लिही.

तू परवा बोललीस ते खरंच काय? जानेवारीत भरतपूरला ये, पक्ष्यांचं नॅशनल पार्क तुझ्या खोलीपासून जवळ हाय, मी दाखवते, असं? का उगाच बोलायचं म्हणून बोललीस? मावशी हेदवीला सगळ्यांना सांगते, आमची रसिका रेल्वेत तिकीट खिडकीत बसते आणि सुट्टीला पक्षी बघते.

तुला माहीत नसेल, आमच्या नववीची सहल गेली तेव्हा मी शाळा सोडून पंधरा दिवस झाले होते. गाडी आमच्या फाट्यावरनंच गेली. मी आणि आय खाडीतनं कालवं काढून वर येत होतो. दीपालीनं खिडकीतनं हात केला. मी टोपली खाली ठेवून हात करीपर्यंत गाडी वळली. तेव्हापासनं मी कुठं गेलेली नाय. चिपळूणच्या पलीकडेपण नाय.

अडचण अशी हाय की केतनदादानं लोट्याला माझं काम ठरवलंय, त्याच्याच कंपनीत, पॅकिंगला. पंधरा जानेवारीला रुजू व्हायचं. त्याच्याच खोलीवर राहायचं. तू बोलतेस तेपण पंधरालाच. आधी यायचं तर तुझी नाईट, नंतर यायचं तर तुझी रजा नाय.

तिथं खरंच एवढे पक्षी हायेत? कुठं बसायचं, कधी जायचं, सगळं लिही. मग मी घरात बोलते. म्हणजे बघते बोलायला होतं काय.

तुझी,
स्नेहल

१४ डिसेंबर
भरतपूर

स्नेहल, जय भीम गो.

शुद्धलेखनाचं सोड. दिवसभर "कहाँ जाना है, छुट्टा दो" करून माझीच मराठी गंजली आहे. तुझं पत्र आलं तेव्हा खिडकीसमोर रांग होती. एक आजोबा बोलले, मॅडम हँस रही है, आज गाडी टाइम पे आयेगी.

खरंच बोलले मी. ये. पक्षी म्हणजे काय विचारू नकोस. भाट्याच्या किनाऱ्यावर दिसतात ते एका मुठीत मावतील इतके. लांब चोचीचे, गुलाबी शेपटीचे, बर्फातून उडत आलेले, आणि सारस म्हणजे लाल डोक्याचे, माणसाएवढे. सकाळी लवकर जायचं. तेव्हा भरती असते, नुसतं पाणी चकाकत असतं आणि काही दिसत नाही. घाई करायची नाही. ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो आणि मग सगळे खाली उतरतात, आपल्याकडे उतरतात तसेच. मी सुट्टीच्या दिवशी तेच करते. डबा घेते आणि ओहोटीची वाट बघत बसते.

गाडीचं मी बघते. मंगला एक्सप्रेसनं मथुरेपर्यंत, तिथं मी घ्यायला येईन. केतनला मी सांगू का?

रसिका

२० डिसेंबर

ताई,

केतनदादाला तू नाय सांगायचंस. मी सांगितलं.

तो रविवारी आला होता. जेवताना बोलले. आधी त्याला ऐकूच गेलं नाय, त्यानं आणखी कालवण मागितलं. मग मी परत बोलले, मी पंधराला लोट्याला येणार नाय, भरतपूरला जाणार, पक्षी बघायला. तो हसला. बोलला, तुझ्या दारात दिवसभर बगळे नि ढोकऱ्या बसतात, त्यांना हाकलून कंटाळलीस, म्हणून लांबचे बघायला चाललीस काय? आय पण हसली. मी हसले नाय तेव्हा त्यानं ताट बाजूला सारलं.

मग भडकला. त्यानं माझ्यासाठी ठेकेदाराच्या माणसाच्या किती मागं लागून जागा मिळवली ते सांगितलं. डबल पाळ्या केल्या, त्याच्या पोराच्या बारशाला गेला. ते सगळं खरं हाय. दादा वाईट नाय गो. बाबा मुंबईला गेले ते पैसे पाठवतात पण येत नायत, तेव्हापासनं घर तोच बघतो. पण मग तो जे बोलला ते मला लागलं. बोलला, "सहल शाळेतल्या पोरांची असते. तू शाळा सोडलीस. आता काम."

ताई, मी शाळा का सोडली ते कोणी कधी विचारलं नाय. सगळे बोलतात खाडी पार करायची होडी, ती तर, बंद पडली म्हणून. होडी बंद पडली हे खरं, पुलावरनं लांब पडायचं हेपण खरं. पण मी वर्षभर लांबनं चालत गेले. कारण ते नाय. सर हजेरी घ्यायचे तेव्हा मी हजर बोलायचे, पण एवढं हळू की त्यांना ऐकू जायचं नाय. मान वर न करता ते गैरहजर मांडायचे. मी तिथंच, दुसऱ्या बाकावर. दीपाली एकदोनदा बोलली, सर, ती हाय. मग तीपण कंटाळली. एक दिवस सर असेच पुढच्या नावाला गेले तेव्हा मला वाटलं, गैरहजरच लागतेय तर चालायचं कशाला. दुसऱ्या दिवशी गेले नाय. कोणाला फरक पडला नाय.

म्हणून मला जायचंय. मला आता कोणी सोडून जायचं नाय, मी जाणार. हे मी दादाला बोलले नाय, एवढं सगळं तोंडातनं येत नाय. मी फक्त बोलले, "जाणार." तो बोलला, जा, पण मग परत मला काम विचारायचं नाय. मी बोलले, बरं.

आय सकाळी बोलली, रसिकाला कुळथाची पिठी द्यायची हाय, कोण नेणार? म्हणजे झालं.

तिकीट काढ.

स्नेहल

२ जानेवारी २०२५

स्नेहल,

तिकीट काढलं आहे, फोटो पाठवला बघ. पण ऐक. इथे भयंकर थंडी पडली आहे. धुकं इतकं की फलाटावरून समोरचा फलाट दिसत नाही. गाड्या आठ-आठ तास लेट. पक्षी दिसतील की नाही सांगता येत नाही. शिवाय पंधराला मला रजा मिळत नाही, एकटीला जावं लागेल तुला आत. तुला एकटीला जमेल का? मला वाटतं पुढच्या वर्षी ये. तिकीट रद्द करता येतं. केतनचं कामही हातचं जाणार नाही. राग मानू नकोस.

रसिकाताई

३ जानेवारी

ताई,

केतनदादानं तुला फोन केला ना? खोटं बोलू नको. थंडी, धुकं, गाडी लेट, हे सगळं त्याचंच बोलणं वाटतंय. त्याला सांग, थंडीला मी स्वेटर घेतलाय, चिमाकाकीच्या बाबल्याचा, बाह्या लांब हायेत पण चालतो. धुकं खाडीवरपण पडतं. गाडी लेट झाली तर लेट येईन.

आणि एकटीचं बोलशील तर मी सगळ्या ठिकाणी एकटीच असते, माणसं असली तरी.

पुढच्या वर्षी नाय. यंदा. मी तेराला गाडीत बसते. तू मथुरेला आली नायस तर मी विचारत विचारत येईन. विचारताना मला किती त्रास होतो ते तुला माहीत हाय, तरी येईन.

स्नेहल

१५ जानेवारी
बागेत, बाकावर बसून

ताई,

तू आता खिडकीत असशील. मधे वेळ झाला की वाच.

मी आत आले. गेटवर माणसानं विचारलं, कितने? मी एक बोलले. त्याला ऐकू गेलं नाय. माझ्या मागं पंजाबी बायकांचा घोळका होता, त्यानं त्यांच्याकडे बघितलं. मग मी मोठ्यानं बोलले, एक. एवढं मोठ्यानं की बाजूची कुत्री उठून गेली. तिकीट मिळालं.

सायकलरिक्षा घेतली. सरदारजी हायेत म्हातारे, पगडीवर मफलर. मी पाण्यापाशी उतरले आणि बसले. तू सांगितलंस तशी. धुकं होतं, पाणी नुसतं पांढरं. म्हटलं भरती हाय. सरदारजी पुढं चला बोलत होते, मी बोलले, नाय. ते चहा पिऊन आले, मी तिथंच. लोकांच्या रिक्षा येत होत्या, थांबत होत्या, जात होत्या. मी काठाला एक काटकी रोवून ठेवली, पाणी किती उतरलं ते कळायला, आपण करतो तशी. काटकी हाय तिथंच. पाणी हाय तिथंच. आज तिथी कुठली, मी बोटावर मोजलं. पौर्णिमा नुकतीच झाली, म्हणजे पाणी चांगलं उतरायला पायजे. पण नाय.

मग सरदारजींनी विचारलं, बेटा, किसका इंतज़ार है? मी बोलले, पानी उतरने का. ते माझ्याकडे बघतच राहिले. पण हसले नायत. बाजूला बसले आणि बोलले, "ये समंदर नहीं है बेटा. ये पानी अपने आप न आता है, न जाता है. फाटक खोलके लाना पड़ता है." ज्या वर्षी पाणी सोडत नायत त्या वर्षी तळं कोरडं पडतं आणि पक्षी येतच नायत, असंपण बोलले.

ताई, इथं ओहोटी लागत नाय.

कधीच लागत नाय. इथं दोन दिवस जरी कोण आलं असेल तरी त्याला ते माहीत असेल.

तू इथं कधी आलेली नायस ना?

स्नेहल

१५ जानेवारी
खिडकीतून

नाही.

आता रांग कमी आहे म्हणून लिहिते. दोन वर्षं झाली इथे, एकदाही आत गेले नाही. आले त्याच महिन्यात गेटपर्यंत गेले होते. सगळे जोडीनं, कुटुंबानं. खिडकीतल्या माणसानं विचारलं, कितने? मला एक बोलताच आलं नाही. मी पर्स बघितली, काहीतरी विसरल्यासारखं केलं, आणि परत आले. मी, जी दिवसभर दुसऱ्यांना हेच विचारते. खिडकीच्या आत बसलं की मला बोलता येतं, बाहेर उभं राहिलं की नाही. ऑफिसात माझ्या हिंदीला हसतात, म्हणून डबापण एकटीच खाते. घरी काय सांगणार? स्टेशनच्या भिंतीवर पक्षी रंगवले आहेत, त्यावर नावं आहेत. ते बघून आईला सांगायचे. ओहोटीचं भाट्यावरून घेतलं. मला वाटलं पाणी म्हणजे पाणी.

तू येणार म्हटल्यावर घाबरले. केतननं काही फोन केला नव्हता. तो बिचारा.

तू पूर्ण सकाळ फुकट घालवलीस माझ्यामुळे.

रसिका

१५ जानेवारी
तिथंच

फुकट कोण बोललं?

ऐक. मी काटकीकडे बघत होते तेव्हा धुक्यात दोन माणसं उभी दिसली, पाण्यात, लांब. मला वाटलं गार्ड, आता येऊन विचारणार इथं का बसलीस. मी हिंदीत उत्तर जुळवायला लागले. ती हळूहळू जवळ आली. मग त्यांनी डोकं खाली घातलं आणि परत वर केलं, आणि डोकं लाल. ताई, सारस. दोन. माझ्यापासून आपल्या अंगणाएवढ्यावर. मी हलले नाय. सरदारजीपण हलले नायत. मग दोघांनी मान वर केली आणि एकदम ओरडले. तो आवाज माझ्या पोटात हलला. लाजत नायत, काय नाय. सगळ्या तळ्याला ऐकू जाईल असं, आम्ही हाय म्हणून.

बाकीचे सगळे रिक्षातनं पुढं निघून गेले होते. त्यांना दिसले नायत. मी चुकीची वाट बघत बसले म्हणून मला दिसले.

उद्या तुझी सुट्टी हाय. उद्या दोघी. आणि दोन मी बोलणार नाय, तू बोलायचंस. नाय बोललीस तर मी आत जाणार आणि तू गेटवर उभी राहा.

जेवायला पिठी करते. कांदे हायेत ना?

स्नेहल

३० जानेवारी
भरतपूर

स्नेहल,

तू गेल्यावर खोली फार मोठी झाली. कढईला अजून पिठीचा वास आहे, घासवत नाही.

आज परत सुट्टी होती. मी गेले. काय विचारतेस, एकटीच. त्यानं विचारलं, कितने? मी बोलले, एक. तो बोलला, वो लड़की नहीं आयी, जो चिल्लाती है? तुझी तिथे ओळख झाली आहे बघ. सरदारजींनी सलाम सांगितला आहे. तुझी काटकी अजून आहे तिथं, त्यांनी काढली नाही. येणाऱ्या लोकांना दाखवतात आणि तुझी गोष्ट सांगतात. मला वाटलं हसायला सांगतात. पण नाही, त्यांच्या रिक्षात बसलेली माणसं आता तिथे थांबतात, गप्प बसतात थोडी.

आपण दोघी गेलो तेव्हा अजगर ऊन खात पडलेला बघून तू बाबल्याच्या स्वेटरची बाही तोंडात घातलीस, ते आठवून मी आज एकटीच हसत होते. बाजूची बाई जरा सरकून बसली.

आईला सांगितलं मी. सगळं. दोन वर्षं गेले नव्हते ते. ती बोलली, मग ते रंगीत पक्षी? मी बोलले, भिंतीवरचे. मग बोलली, आणि आता खरे बघितलेस ना? मग झालं.

लोट्याचं काय झालं? केतन बोलतो का?

रसिकाताई

४ फेब्रुवारी
खालची वाडी

ताई,

लोट्याचं सांगते. हे लिहायला दोन दिवस लागलेत, बोट तेच एक हाय.

मी आले तेव्हा केतनदादा घरी नव्हता. आठ दिवस आलाच नाय. मग रविवारी आला, माझ्याशी बोलला नाय, आयशी बोलला. तिला सांगितलं, हिला उद्या माझ्याबरोबर पाठव, ठेकेदाराच्या माणसाला तोंड दाखवायचं. मी त्याला सांगितलंय की हिला ताप आला होता, टायफॉइड. आय बोलली, टायफॉइड कशाला सांगितलास मेल्या, भरल्या घरात? तो बोलला, मग काय सांगू, करकोचे बघायला गेली?

म्हणजे बघ. मला परत काम विचारू नको बोलला होता, आणि त्यानंच माझी जागा धरून ठेवायला खोटं सांगितलं होतं. मी तयार झाले. पहाटेची गाडी, चिपळूणला बदलली. सगळ्या रस्त्यात तो एकच बोलला. बोलला, तुला काय करायचं नाय, नुसती उभी राहा, तो विचारेल बरी हायेस काय, मान हलव. बोलायचं नसतं तेव्हा तुला चांगलं जमतं.

गेटच्या बाजूला पत्र्याची केबिन हाय. तो माणूस चांगला होता गो. मला बस बोलला, पाणी दिलं. मग बोलला, काय मग, आता बरं वाटतंय काय? दादा माझ्याकडे बघत होता. मान हलवायची एवढंच होतं.

आणि मला ते सर आठवले, मान खाली घालून मांडणारे. तेव्हा मी हजर होते आणि गैरहजर लागले. आता पहिल्यांदा मी माझ्या मर्जीनं गैरहजर होते. त्याला ताप कसं बोलू?

मी बोलले, "मला काय झालं नव्हतं. मी भरतपूरला सारस बघायला गेले होते."

केबिनीत जेवढे होते तेवढे सगळे वळले. मोठ्यानं बोलले होते बहुतेक. मला आता आवाजाचा अंदाज येत नाय.

तो माणूस दादाकडे बघायला लागला. दादा जमिनीकडे. मग तो बोलला, अरे केतन, जागा तर मी सोळा तारखेलाच दुसऱ्या मुलीला दिली, तू उगाच टायफॉइडपर्यंत गेलास. मला बोलला, पावसाळ्याआधी माणसं लागतात, तेव्हा ये, पण पक्ष्यांना विचारून ये. तिथले सगळे हसले. मी नाय हसले. बोलले, येईन, विचारून. आणि आता माझं मला यायचंय, दादानं कोणाच्या बारशाला जायला नको. हे शेवटचं मी हळू बोलले, ते फक्त दादानं ऐकलं.

दादाला दुपारची पाळी होती. मला गाडीत बसवायला स्टॉपवर आला. लांब उभा राहिला, जसं काय ओळखत नाय. मला वाटलं आता हा कायमचा गेला. मी रडले नाय, पण नाक पुसलं. मी चुकले असं मला तेव्हापण वाटलं नाय, आतापण वाटत नाय. त्याला लाज आणली एवढं वाईट वाटलं.

बऱ्याच वेळानं तो रस्त्याकडे बघतच बोलला, "किती मोठे असतात ते?"

मी बोलले, कोण?

"ते. लाल डोक्याचे. आय सांगत होती."

मी त्याच्याजवळ गेले आणि हात वर केला. त्याच्या डोक्याएवढा. तो बोलला, खोटं. मी बोलले, तुझ्याएवढे, आणि पाय तुझ्यापेक्षा बरे. तो हसला नाय, पण त्याचं तोंड जरा सैल झालं. मग गाडी आली. मी चढले, खिडकीत बसले. गाडी सुटली तसा तो चार पावलं बाजूनं चालत आला आणि पत्र्यावर हात मारून बोलला, "जानेवारीतच जायला लागतं काय?"

मी बोलले, नाय, कधीपण. पण गाडीचा आवाज होता. म्हणून डोकं बाहेर काढून ओरडले, कधीपण जायला येतं. सगळी गाडी ऐकत होती. कंडक्टर बोलला, डोकं आत घे बाय.

ताई, त्याची रजा मार्चमध्ये मिळते काय बघतोय. मला नाय बोलला, आयला बोलला. तुझ्याकडे दोन माणसं मावतील काय? दादाला गेटवर उभं करू, बघू त्याला तीन बोलायला जमतं काय.

अगो, वरच्या वाडीच्या पाण्याच्या टाकीत वांदराचं पोर पडलंय, बाबल्या शिडी घेऊन धावतोय आणि सगळे नुसते ओरडतायत, मी जाते.